जॉर्ज कॉस्ताबद्दल कुणाला नीट माहीत आहे का?

पेठेचा_स्टॉपर: भावांनो, मुंबई सिटी फुटबॉल क्लबचा कोच होता तो जॉर्ज कॉस्ता, आमच्या तालमीतली पोरं म्हणतात खेळाडू म्हणून लई मोठा होता, खरं आहे का? मी फक्त त्याला साईडलाईनवर ओरडताना बघितलाय.

रंकाळा_११: मोठा म्हणजे काय लगा, पोर्तुगालच्या पोर्तो क्लबचा कॅप्टन! २००४ ला मोनॅकोला ३-० हाणून चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा सगळ्यात मोठा कप, उचलली ती यानंच, कोच मोरिन्होच्या टीमचा सेंटर बॅक. त्याआधी जुन्या कोचशी वाजलं म्हणून लोनवर (थोड्या काळासाठी उसना) इंग्लंडच्या चार्ल्टन क्लबला गेलेला, मोरिन्हो आल्यावर परत आला. देशाकडून, म्हणजे पोर्तुगालकडून, ५० मॅच. आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर असला स्टॉपर असता तर फॉरवर्डनी बॉलच मागितला नसता.

दिलजमाई: कोच म्हणून एवढा भारी नव्हता बरं का, सतत टीम बदलायचा, रोमानियाचा क्लुज क्लब, गॅबॉन देशाची टीम, कुठं कुठं. पण २०१८-१९ ला मुंबईला आयएसएलच्या (भारतातल्या फुटबॉल लीगच्या) सेमीफायनलला नेलं, तिथं एफसी गोवानं पहिल्याच लेगला ५-१ धुतलं 😅

पेठेचा_स्टॉपर: आता कुठं असतो?

रंकाळा_११: गेला रे. ऑगस्ट २०२५ ला, पोर्तोच्या ट्रेनिंग सेंटरवरच हार्ट अटॅक, ५३ वय. तिथंच फुटबॉल डायरेक्टर होता.