माझं चित्र मिसळीच्या हॉटेलात, खालची सही गायब. काय करता येईल?

ओला_कागद (पंचवटी)

नमस्कार मंडळी. रविवारी भाऊ, वहिनी आणि भाचीबरोबर गंगापूर रोडला मिसळ खायला गेले होते. नंबर लागेपर्यंत अर्धा तास बाहेर उभे होतो. आत गेलो तर समोरच्या भिंतीवर माझं चित्र! सहा फूट बाय चार फुटांचा फ्लेक्स, वरून पिवळे दिवे सोडलेले. गोदावरीच्या पुरात कमरेपर्यंत बुडालेला दुतोंड्या मारुती, म्हणजे काठावरची ती दोन तोंडांची मूर्ती, भोवती गढूळ पाणी, कडेला नारोशंकराचं देऊळ.

आधी वाटलं, दुसऱ्या कुणी त्याच जागेवरून काढलं असेल. दुतोंड्या काय माझ्या एकटीचा नाही. पूर आला की पाणी कुठवर चढलं ते अख्खं नाशिक त्याच्यावरूनच मोजतं. पण भाची म्हणाली, "आत्या, तुझे थेंब!" मारुतीच्या उजव्या खांद्याशी तीन पांढरट डाग आहेत. दोन जवळजवळ, तिसरा जरा खाली. दोन पावसाळ्यांपूर्वी गाडगे महाराज पुलावर कठड्याला पॅड टेकवून मी ते चित्र काढत होते. भावाने छत्री धरली होती. वाऱ्याने छत्री उलटली आणि ओल्या रंगावर पावसाचे तीन थेंब पडले. रंग बाजूला सरकला, कडेला दातेरी रेघ उमटली. घरी येऊन ते डाग बुजवावेत असं एकदा मनात आलं होतं, पण बुजवले नाहीत. त्याच थेंबांनी मला माझं चित्र ओळखून दिलं.

उजव्या कोपऱ्यातली माझी सही मात्र त्यात नाही.

मिसळ तशीच राहिली. काउंटरवर विचारलं तर तिथला मुलगा म्हणाला, मालक बाहेरगावी गेलेत. मी बावीस वर्षं चित्रकलेचे क्लास घेते. मुलांना दुसऱ्याचं चित्र गिरवून स्वतःचं नाव घालू देत नाही. त्या दिवसापासून झोप लागत नाहीये. इन्स्टाग्रामवर माझी दोनशेच्या वर चित्रं आहेत. सगळी काढून टाकू का? मालकाशी बोलताना काय बोलू?

फ्लेक्सवाला_सातपूर

ताई, मी अकरा वर्षं फ्लेक्स छापतोय. सगळं काढून टाकण्याआधी एक काम करा. परत जा आणि फ्लेक्सच्या अगदी जवळ, हातभर अंतरावर उभ्या राहा. कागदाचा पोत दिसतो का, रंगाचे दाणे दिसतात का, ते बघा. की सगळं मेण लावल्यासारखं गुळगुळीत आहे? मग सांगतो फाईल कुठून गेली ते.

ओला_कागद (पंचवटी)

आज क्लास सुटल्यावर गेले. दाणे स्पष्ट दिसतात. पुराच्या पाण्याला मी बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन वापरलं होतं. अल्ट्रामरीन कागदाच्या खळग्यांत बसतं, तो निळसर रवा फ्लेक्सवरसुद्धा दिसतोय. हात लावावासा वाटला, लावला नाही.

फ्लेक्सवाला_सातपूर

मग हे इन्स्टाग्रामवरून उचललेलं नाही. तिथे फोटो रुंदीला साधारण १०८० पिक्सेलचा राहतो. सहा फूट म्हणजे ७२ इंच, म्हणजे इंचाला जेमतेम १५ पिक्सेल आले. तेवढ्यात मारुती आहे एवढं कळलं असतं, दाणे कुठून दिसणार? हल्ली सॉफ्टवेअरने फोटो फुगवून आणतात लोक, पण त्यात असा पोत बहुतेक पुसला जातो. म्हणजे कुणाकडे तरी मूळ स्कॅन आहे. चित्र किती इंचांचं? स्कॅन कुठे केलं होतं? आणि कुणाला पाठवलं होतं?

ओला_कागद (पंचवटी)

पाव शीट, १५ बाय ११ इंच. शालिमारला ए-३ स्कॅनरवर ६०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, स्कॅन केलं होतं.

आणि हो, पाठवलं होतं. लिहिताना हात कापतोय. एका गृहस्थांना ते विकत घ्यायचं होतं. "फोटोत रंग नीट कळत नाहीत, ओरिजिनल फाईल टाका," म्हणाले. मी व्हॉट्सॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवली. नंतर, "घरच्यांना पसंत नाही," असं म्हणाले. मीही विसरून गेले.

फ्लेक्सवाला_सातपूर

सापडलं. १५ इंचाला ६०० म्हणजे ९००० पिक्सेल. ७२ इंचांवर ताणले तरी इंचाला १२५ उरतात. फ्लेक्सला ७२ मिळाले तरी आम्ही खूश असतो. व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून टाकलं असतं तर ते दाबून बारीक झालं असतं. डॉक्युमेंट जसंच्या तसं जातं.

आता सहीचं. राग मानू नका, पण माझ्या मते सही कुणी मुद्दाम खोडली नसावी. तुमचं चित्र १५ ला ११ आहे. सहा फूट रुंद केलं की उंची साधारण ५३ इंच होते. भिंतीवरची चौकट ४८ ची. ऑपरेटरने वरचं देऊळ आणि आभाळ ठेवलं, खालचे पाच इंच उडवले. तुमच्या कागदावर तो खालचा एकच इंच होतो. तुमची सही त्यातच होती ना?

आमच्याकडे रोज हेच चालतं. गिऱ्हाईक पेनड्राइव्ह देतं, माप सांगतं, पोरगा क्रॉप करतो. चित्र कुणाचं हे कुणी विचारत नाही. मीही विचारत नव्हतो. तुमचं वाचल्यावर आज दुकानात पाटी लावली : "हाताने काढलेलं चित्र असेल तर चित्रकाराची परवानगी दाखवा." दोन गिऱ्हाइकं त्यावरून परत गेली, जाऊ देत.

सही कोपऱ्यात करू नका ताई. घाटाच्या पायरीवर करा, होडीच्या कडेला करा. कापायची म्हटली तर चित्रच फाटलं पाहिजे, अशा ठिकाणी.

वकील_मेळास्टँड

कायद्याचं सांगतो. कॉपीराइट कायदा १९५७ चा. चित्र कागदावर उतरलं त्या क्षणी हक्क तुमचा झाला. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली असली तर कोर्टात ती प्रथमदर्शनी पुरावा धरतात. अर्ज ऑनलाइन होतो. कलाकृतीला फी ५०० रुपये. ती एखाद्या मालावर वापरली जाणार असेल तर २०००. हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो.

दुतोंड्या सार्वजनिक जागी आहे, तो कुणीही रंगवावा. विषयावर मालकी नसते, मांडणीवर असते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केलं. तुमच्या बाबतीत तर वाद घालायला जागाच नाही, ते तीन थेंब दुसऱ्या कुणाच्या चित्रात पडणार नाहीत.

एक प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे : हे चित्र ऑर्डरवर काढलं होतं का? कलम १७ प्रमाणे पैसे देऊन कुणी चित्र काढून घेतलं आणि वेगळा करार नसला, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा धरला जातो. बहुतेक चित्रकारांना हे ठाऊकच नसतं. ऑर्डर घेताना साध्या कागदावर दोन ओळी लिहून सही घ्या : चित्र तुमचं, छापण्याचा हक्क माझा. उलट, तयार चित्र विकलं म्हणून छापण्याचा हक्क आपोआप जात नाही. तो द्यायचा तर लेखीच द्यावा लागतो. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची धरली जाते.

नाव लावून घेण्याचा हक्क कलम ५७ मध्ये आहे आणि हक्क विकल्यावरही तो तुमच्याकडेच राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प सरकारने काढून गोदामात टाकलं, त्याची नासधूस झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ते त्यांना परत द्यायला लावलं, वर पाच लाखांची भरपाई. समोर सरकार होतं, तरीही.

कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र ठरवला, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. पण ते जाणूनबुजून करणाऱ्यासाठी. हॉटेलमालकाला माहीत होतं की नाही ते आधी कळू द्या. पोलिसांचं नाव पहिल्याच वाक्यात काढू नका. फ्लेक्सचे तारखेसह फोटो घ्या, व्हॉट्सॅपचा तो संवाद जपून ठेवा, मूळ चित्र घेऊन जा. दिवाणी दाव्याला तीन वर्षं मिळतात, आणि उल्लंघन करणारा सुरतेला असला तरी तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे नाशिकच्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो.

सदाफुली

मला वाटतं, नेटवर टाकायचंच कशाला? आपल्या नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे सरांनी हाच घाट जलरंगात रंगवला, तेव्हा कुठे होतं इन्स्टाग्राम? चित्रं प्रदर्शनात लावावीत. ज्याला बघायची तो येईल.

ओला_कागद (पंचवटी)

वकीलसाहेब, ऑर्डरचं नव्हतं. माझं मीच काढलं होतं. मनापासून आभार.

सदाफुलीताई, तुपे सरांचे घाट बघूनच मी ब्रश हातात धरला, म्हणून तुमचं म्हणणं लागलं. पण प्रदर्शनाला हॉलचं भाडं, फ्रेमा, टेम्पो, सगळं धरून माझे तीन महिन्यांच्या क्लासचे पैसे जातात. मागच्या वर्षी पाच चित्रं विकली गेली, त्यातली चार इन्स्टाग्रामवर बघून. एक चित्र भंडाऱ्याच्या बाईंनी घेतलं. त्यांचं माहेर इथलंच, रविवार कारंज्यावर. फोनवर त्या रडल्या. त्या बाई हॉलमध्ये आल्या असत्या का? चित्र नुसतं घरात ठेवायचं असतं तर पुलावर भिजत उभी राहिलेच नसते.

पिक्सेल_सिडको

काकू, मी डिजिटल चित्रं काढतो, थोडी भर घालतो. सगळं काढू नका, पण मोठी फाईल कुणालाही देऊ नका. रंग दाखवायचे तर व्हिडिओ कॉल करा, नाहीतर खिडकीशी चित्र धरून व्हिडिओ पाठवा. वॉटरमार्क, म्हणजे चित्रावर उमटवलेलं पुसट नाव, कोपऱ्यात घातला तर काही उपयोग नाही. पूर्ण चित्रावर घातला तर चित्रच दिसत नाही, मी तो सोडून दिला. त्याऐवजी काढतानाचे फोटो ठेवा : पेन्सिलचं रेखाटन, पहिला वॉश (पातळ रंगाचा हात), अर्धवट चित्र. चोराकडे अर्धवट चित्र कधीच नसतं.

गूगल लेन्स आणि टिनआय चित्रावरून चित्र शोधतात, महिन्यातून एकदा त्यांवर आपली चित्रं टाकून शोधा. माझी दोन चित्रं टीशर्टवर सापडली. वेबसाइटला कॉपीराइटची तक्रार केली. २०१३ च्या नियमांप्रमाणे तक्रार नीट भरलेली असेल तर त्यांना ३६ तासांत ते बंद करावं लागतं, पण २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर ते पुन्हा चालू करू शकतात. माझ्या वेळी विकणाऱ्याने स्वतःच काढलं. कुंभमेळा तोंडावर आहे, रामकुंडाच्या आणि घाटाच्या चित्रांना आता टीशर्टवाले, कॅलेंडरवाले सगळेच शोधणार. जपा.

एआयला आपली शैली शिकता येऊ नये म्हणून शिकागो विद्यापीठाच्या लोकांनी २०२३ मध्ये ग्लेझ नावाचं मोफत सॉफ्टवेअर काढलं. ते चित्रात डोळ्याला जेमतेम जाणवतील असे बदल करतं. मी वापरतो. पण फ्लेक्सवर छापणाऱ्याला ते अडवत नाही, ती अपेक्षा ठेवू नका.

ओला_कागद (पंचवटी)

काल मालक भेटले. मूळ चित्र पाठीवरच्या पोर्टफोलिओत घेऊन गेले होते. भावाला म्हटलं, तू बाहेर थांब, मला एकटीला बोलू दे. दुपारी साडेतीनची वेळ, गर्दी नव्हती. काही न बोलता फ्लेक्सखालच्या टेबलावर चित्र ठेवलं आणि खांद्याजवळचे थेंब दाखवले. त्यांनी खाली बघितलं, वर बघितलं, परत खाली. मग सहीवर बोट ठेवून विचारलं, "हे तुम्ही?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. इंटिरिअर करणाऱ्याने भिंतीचे पैसे घेतले होते, चित्र त्यानेच आणलं. त्याला त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. फाईल त्याला "एका मित्राने" दिली होती, आणि तो मित्र म्हणजे माझ्याकडून फाईल घेणारे तेच गृहस्थ. नाव ऐकलं तेव्हा कानशिलं तापली.

मालकांनी फ्लेक्स उतरवतो म्हटलं. मी नको म्हटलं. लोक जेवताना त्या मारुतीकडे बघतात, एक आजोबा नातवाला पाणी कुठवर आलं होतं ते हाताने दाखवत होते, ते मी बघितलं होतं. वकीलसाहेबांच्या सल्ल्याने दोन ओळींचा कागद केला : ही एक भिंत, तीन वर्षं, दुसरीकडे कुठेही नाही, खाली नाव. जी रक्कम ठरली ती मला मान्य आहे. नवा फ्लेक्स सातपूरच्या दादांकडेच छापायचा आहे, सहा फूट बाय चार फूट पाच इंच, सहीसकट. दादा, मी स्वतः पेनड्राइव्ह घेऊन येते, छापून झालं की फाईल तुमच्या कॉम्प्युटरवरून माझ्यासमोर पुसायची.

त्या गृहस्थांना तीन मेसेज केले. निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. आता वकिलाची नोटीस जाईल.

पण फाईल त्यांच्याकडे अजून आहे आणि ती आणखी कुणाला दिली ते मला माहीत नाही. म्हणून सगळ्यांना विनंती : त्र्यंबक रोडला, नाशिक रोडला, कुठल्याही हॉटेलात, लॉनवर, कॅलेंडरवर पुरातला दुतोंड्या दिसला तर त्याच्या उजव्या खांद्याकडे बघा. तीन थेंब असतील, दोन जवळ आणि एक खाली, तर फोटो काढून इथेच टाका.