32 यार्डांवर किती दिवस?

प्रेषक: काका, ॲन आर्बर
रविवार, 22 सप्टेंबर 2024
विषय: कालचा विजय आणि 32 यार्ड

नमस्कार मंडळी,

काल मिशिगन विद्यापीठाच्या आपल्या अमेरिकन फुटबॉल संघाने यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला) 27–24 हरवलं. घसा अजून बसलेला आहे, म्हणून फोन न करता लिहितोय.

शेवटची चढाई आपल्याच गोलरेषेजवळ सुरू झाली. 89 यार्ड जायचं होतं आणि पिछाडी चार गुणांची. चेंडू घेऊन पळणारा मलिंग्ज घोळक्यातून कसाबसा बाहेर पडला आणि 63 यार्ड पळाला. मग चौथा डाउन, म्हणजे शेवटची संधी, एक यार्ड बाकी. शेजारच्या खुर्चीवर कित्येक वर्षं बसणारे अमेरिकन गृहस्थ आहेत, त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. मलिंग्ज रेषेपलीकडे पडला, घड्याळात 37 सेकंद उरले होते. त्यांनी हात सोडला तेव्हा माझ्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा वळ उमटला होता.

हे सगळं मनापासून साजरं केलं. पण रात्री झोप लागली नाही. आपला क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, ऑर्जी. त्याने अख्ख्या सामन्यात 12 पास फेकले, त्यातले 7 पोचले, आणि मिळाले 32 यार्ड. धावून 290 आणि पासवर 32! विल जॉन्सनने यूएससीचा पास मध्येच पकडून 42 यार्ड नेला आणि टचडाउन केला. ते सात गुण डिफेन्सचे. ते काढले तर काल आपण हरलो असतो.

जानेवारीत ह्यूस्टनला वॉशिंग्टनला 34–13 हरवून राष्ट्रीय विजेते झालो, त्याला नऊ महिनेही झाले नाहीत. एप्रिलमध्ये इथे डेट्रॉइटलाच ड्राफ्ट, म्हणजे व्यावसायिक संघांची खेळाडू-निवड, झाला आणि आपली 13 मुलं निवडली गेली. तेव्हा आपण पेढे वाटले. क्वार्टरबॅक मॅकार्थी गेला, चेंडू घेऊन पळणारा कोरम गेला, पुढच्या रांगेतले पाचही जण गेले. प्रशिक्षक हार्बॉही लॉस एंजेलिसला गेले. इतकी मुलं जाणार हे माहीत असताना बाहेरून एक अनुभवी क्वार्टरबॅक आणायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. आता आहेत त्या मुलांतच भागवायचं आहे. पण भागवण्याचीही एक रीत असते. टेक्ससविरुद्ध दुसरा क्वार्टरबॅक वॉरन, आर्कान्सा स्टेटविरुद्ध अर्धा सामना वॉरन आणि पुढे ऑर्जी, काल ऑर्जी. हे असं किती दिवस चालणार?

— काका

* * *

प्रेषक: ट्रॉयहून
रविवार, 22 सप्टेंबर 2024
विषय: उत्तर: कालचा विजय आणि 32 यार्ड

काका,

तुमचा अनुभव मोठा आहे, तरी या वेळी मी तुमच्या विरुद्ध बाजूला आहे.

गेल्या नोव्हेंबरमधला पेन स्टेटचा सामना आठवा. हार्बॉ निलंबित होते आणि पुढे त्यांच्या जागी आलेले शेरोन मूरच संघ सांभाळत होते. शेवटचे सलग 32 डाव आपण धावूनच खेळलो. मॅकार्थीने पूर्ण सामन्यात आठ पास फेकले आणि 60 यार्ड मिळवले. सामना 24–15 जिंकलो आणि मूर टीव्हीवर ढसाढसा रडले. तेव्हा कोणीही म्हणालं नाही की 60 यार्ड कमी झाले. मिशिगनचं फुटबॉल हे असंच असतं. चेंडू पोटाशी धरायचा, समोरच्याला ढकलत न्यायचं, घड्याळ संपवायचं.

शिवाय काल लव्हलंड खेळला नाही. पास झेलणारा आपला सर्वांत भरवशाचा माणूसच मैदानावर नव्हता. मग ऑर्जीने कोणाकडे फेकायचं? वॉरनने तीन सामन्यांत सहा इंटरसेप्शन दिले, म्हणजे पास समोरच्यांच्या हाती गेले, त्यातले तीन एकट्या आर्कान्सा स्टेटला. त्यापेक्षा चेंडू न गमावणारा मुलगा मला चालेल.

* * *

प्रेषक: काका, ॲन आर्बर
रविवार, 22 सप्टेंबर 2024, रात्री
विषय: उत्तर: उत्तर: कालचा विजय आणि 32 यार्ड

अरे, पेन स्टेटचं उदाहरण तू काढलंस हे फार बरं झालं. मला जे म्हणायचं आहे ते सगळं त्यातच आहे.

त्या दिवशी मॅकार्थीने पास फेकले नाहीत, पण तो फेकू शकतो हे समोरच्या अकराही जणांना ठाऊक होतं. त्या मोसमात त्याचे शंभरातले 72 पास पोचत होते आणि 22 टचडाउनांमागे फक्त चार इंटरसेप्शन होते. त्यामुळे मागचे दोन सेफ्टी, म्हणजे शेवटचे बचावपटू, मागेच थांबले. आपल्याला समोर सहा-सात जणांनाच ढकलायचं होतं.

आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं, म्हणून त्याच भाषेत सांगतो. फलंदाज उंच मारणारच नाही हे कर्णधाराला कळलं की तो लाँग ऑन काढून शॉर्ट लेगला आणतो. मग चांगला फलंदाजही गुदमरतो. ऑर्जी आत आला की नेमकं हेच होतं. सगळे पुढे येतात.

ऑर्जीबद्दल मला कौतुकच आहे. मूळ खेळी नीट पाहा. तो चेंडू मलिंग्जच्या पोटाशी धरतो, सोडत नाही, आणि बाजूच्या डिफेन्सिव्ह एंडकडे, म्हणजे कडेच्या बचावपटूकडे, बघतो. तो एंड मलिंग्जच्या मागे आत वळला की ऑर्जी चेंडू काढून बाहेरून पळतो. एंड जागेवर थांबला की चेंडू मलिंग्जचा. क्षणभराचा निर्णय, आणि हा मुलगा तो अचूक घेतो. त्याच्या अंगात ताकद आहे, पायात वेग आहे. गेल्या वर्षी ओहायो स्टेटविरुद्ध एकदा आत आला आणि 20 यार्ड पळाला ते आठवत असेल. पण तेव्हा तो अचानक आला होता. आता तो दर डावाला येतो, त्यात अचानक काही उरलं नाही.

न फेकलेल्या पासचीही समोरच्याला धास्ती वाटायला हवी. ती धास्ती आज कोणालाच वाटत नाही.

— काका

* * *

प्रेषक: नोव्हायहून
सोमवार, 23 सप्टेंबर 2024
विषय: त्या मुलांबद्दल

नमस्कार काका, नमस्कार सगळ्यांना.

मी फुटबॉलवर सहसा लिहीत नाही, पण वॉरनबद्दल इथे आणि मंडळाच्या व्हॉट्सॲपवर जे काही वाचलं, त्याने फार वाईट वाटलं.

7 सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती आणि टेक्ससचा सामना भर दुपारी. आमच्याकडे उकडीचे मोदक चालले होते. मी आणि सासूबाई पारीला कळ्या पाडत होतो, बाहेरच्या खोलीत टीव्ही. मध्यंतराला 24–3. बाहेरून जे शब्द ऐकू आले ते बाप्पा बसलेल्या घरात बोलायचे नव्हते. शेवटी 31–12 हरलो, घरच्या मैदानावरची सलग 23 विजयांची मालिका तुटली, हे मला कळतं. पण तो मुलगा शाळेत असताना रक्ताच्या कर्करोगातून उठला आहे. शिष्यवृत्तीशिवाय, वॉक-ऑन म्हणून आला आणि राष्ट्रीय विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक झाला. चुकला तर चुकला म्हणावं, पण माणूस म्हणून त्याचा मान राखावा.

दुसरी गोष्ट सरावाची. माझा मुलगा इथल्या हायस्कूलच्या संघात दुसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक आहे. सराव संपल्यावर मी त्याला आणायला जाते आणि गाडीत रोज तोच संवाद होतो. "आज किती?" "चार." म्हणजे दोन तासांत चार स्नॅप, चेंडू हातात घेऊन खेळायचे चारच डाव, त्याच्या वाट्याला आले. बाकी वेळ तो मनगटावरच्या पट्टीवरचे डावांचे आकडे पाठ करत कडेला उभा. रिसीव्हर वळण घेण्याआधी चेंडू सोडायचा असतो, त्याची पाठ वळलेली असतानाच. हा अंदाज डोक्याने येत नाही, शेकडो वेळा फेकून हाताला येतो. पहिल्या क्रमांकाच्या मुलाला तो आहे, माझ्या मुलाला नाही.

ॲन आर्बरला तर ऑगस्टभर स्पर्धाच चालू होती आणि पहिल्या सामन्यापर्यंत नाव जाहीर केलं नव्हतं. एका मुलाची तयारी तीन-चार जणांत वाटली गेली. मग कोणाचाच हात कसा बसणार?

* * *

प्रेषक: विद्यार्थिनी, ॲन आर्बर
रविवार, 29 सप्टेंबर 2024
विषय: मिनेसोटा, उत्तरेच्या गोलामागून

काका, ताई, नमस्कार.

मी विद्यार्थ्यांच्या भागात बसते, एका गोलाच्या मागे. तिथून यार्ड कळत नाहीत, पण माणसं मोजता येतात. काकांचं पत्र वाचल्यावर काल मी ठरवून मोजली. ऑर्जी असताना रेषेजवळ बहुतेक वेळा आठ, कधी नऊ. पासच्या परिस्थितीतही मिनेसोटाचा एक सेफ्टी जवळजवळ लाइनबॅकरच्या, म्हणजे पुढच्या बचावपटूच्या, खांद्याला खांदा लावून उभा होता.

तीन क्वार्टर सगळं छान होतं, 24–3. चौथ्यात आमच्या भागातली गाणी बंद पडली. आपण चेंडू घेतो, तीन डाव खेळतो आणि परत देतो, असं चालू झालं. 24–3 चे 27–24 झाले. त्यांनी शेवटची ऑनसाइड किक, म्हणजे चेंडू परत आपल्यालाच मिळावा म्हणून मारलेली छोटी किक, स्वतःच मिळवली होती, ऑफसाइड दिलं म्हणून आपण वाचलो. ऑर्जीचे पासवर एकूण 86 यार्ड.

मिनेसोटाविरुद्धच्या सामन्याचा चषक असलेला तो माठ मात्र आपल्याकडेच राहिला याचा आनंद आहे. 1903 मध्ये मिशिगनचा संघ पाण्याचा हा चिनी मातीचा माठ मिनीआपोलिसला विसरून आला आणि नंतर 'परत हवा असेल तर जिंकून न्या' असा निरोप मिळाला, ही गोष्ट मला इथे आल्यावर पहिल्याच वर्षी कोणीतरी सांगितली होती. सामना संपल्यावर खेळाडू तो डोक्यावर धरून पळत होते. शंभर वर्षांहून जुन्या मातीच्या भांड्यासाठी मोठी मुलं इतकी आनंदाने ओरडतात, हे बघून मला गहिवरून आलं.

एक सांगते, रागावू नका. आमच्या वर्गात सगळे 'वॉरनला परत आणा' म्हणायला लागले आहेत. तीन आठवड्यांपूर्वी हीच मुलं 'ऑर्जीला आणा' म्हणत होती.

* * *

प्रेषक: ट्रॉयहून
रविवार, 6 ऑक्टोबर 2024
विषय: सिएटल

काका,

काल रात्री सामना संपेपर्यंत जागलो. वॉशिंग्टन 27, मिशिगन 17.

तुमचं म्हणणं पटलं. पूर्ण नाही, पण बरंचसं. 14–0 मागे पडेपर्यंत ऑर्जीचा एकही पास डिफेन्सला मागे ढकलू शकला नाही. धावण्याची जागाच उरली नव्हती. मग तिसरा क्वार्टरबॅक जॅक टटल आला. हा सातव्या वर्षाचा मुलगा, दुखापतीतून उठलेला. त्याने साधे दहा-बारा यार्डांचे पास फेकले आणि तेच सेफ्टी दोन पावलं मागे सरकले. मलिंग्ज आणि एडवर्ड्सना वाटा मिळाल्या. आपण 17–14 पुढे गेलो. पुढची रांग तीच, पळणारे तेच, फक्त धास्ती वाढली. शेवटी टटलच्या हातून चेंडू गेला, पण माझ्या मनात राहिली ती मधली वीस मिनिटं.

एका गोष्टीवर मात्र ठाम आहे. दोष एकट्या क्वार्टरबॅकचा नाही. पुढच्या रांगेतले पाचही लाइनमन नवे आहेत. त्यांना एकमेकांची सवय व्हायला वेळ लागतो.

* * *

प्रेषक: काका, ॲन आर्बर
रविवार, 6 ऑक्टोबर 2024
विषय: उत्तर: सिएटल

लाइनबद्दल तुझं बरोबर आहे, मी त्यावर आधी लिहायला हवं होतं. आणि नोव्हायहून आलेलं पत्र मी तीनदा वाचलं. 'आज किती? चार.' इतकी वर्षं स्टेडियमला जातोय, पण सरावातले स्नॅप मोजायचं माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

येत्या शनिवारी सामना नाही. इलिनॉय 19 तारखेला, त्यांच्याकडे. हे दोन आठवडे देवाने दिल्यासारखे मिळाले आहेत. मूर आणि आक्रमणाचे प्रशिक्षक कॅम्पबेल यांनी एक मुलगा निवडावा. टटल असेल तर टटल, वॉरन असेल तर वॉरन. दोघांपैकी कोण हे सराव रोज बघणाऱ्यालाच कळणार. पण निवडला की पहिल्या संघाबरोबरचे सगळे स्नॅप त्याला द्यावेत आणि एक इंटरसेप्शन झालं म्हणून बाकावर बसवू नये. डोक्यावर टांगती तलवार असलेला मुलगा चेंडू सोडायला अर्धा सेकंद उशीर करतो, आणि त्या अर्ध्या सेकंदातच इंटरसेप्शन होतं.

ऑर्जीला विसरू नये. तिसरा डाउन, दोन यार्ड असेल तेव्हा तो आत यावा. आणि त्या डावांतून सामन्यात दोनदा तरी त्याने लव्हलंडकडे खरा पास फेकावा. पोचला नाही तरी चालेल. समोरच्या सेफ्टीने पुढच्या वेळी पाऊल टाकण्याआधी विचार करायला हवा.

त्या मुलांपैकी कोणी मराठी वाचत असतं तर मी हे त्यांनाच लिहिलं असतं. तिघांनीही जे ओझं उचललं आहे ते वीस-बावीस वर्षांच्या पोरांसाठी फार मोठं आहे, आणि एकानेही दुसऱ्याविरुद्ध तोंडातून शब्द काढलेला मी ऐकला नाही.

— काका

* * *

प्रेषक: नोव्हायहून
सोमवार, 7 ऑक्टोबर 2024
विषय: कोजागरी आणि इलिनॉय, वेळेबद्दल

काका, सामना नाही त्या शनिवारी दसरा आहे. सोनं वाटायला सकाळीच या, म्हणजे मुलाशी स्नॅपबद्दल बोलणंही होईल. त्याला फार आवडेल.

मंडळाची कोजागरी 19 तारखेला ठेवली आहे आणि इलिनॉयचा सामना त्याच दिवशी दुपारी साडेतीनला. म्हणून कार्यक्रम साडेसातला सुरू करू या, असं मी कार्यकारिणीला कळवलं आहे. दूध आटवायला चार तास लागतातच, तेव्हा ज्यांना सामना बघायचा आहे त्यांनी आमच्याकडेच या. पातेली दोन आहेत, ढवळायला माणसं लागतील. टीव्ही या वेळी स्वयंपाकघरातून दिसेल असा फिरवून ठेवते.