मदत हवी आहे: मुलाखतीत ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की सुरुवात कुठून करायची?

नमस्कार मंडळी,

मी मेकॅनिकल डिप्लोमा केलाय, मूळचा लातूर जिल्ह्यातला. चाकण एमआयडीसीत एका व्हेंडर कंपनीत दोन वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. वडील आजारी पडले म्हणून काम सोडून गावी गेलो, सात महिने घरीच होतो. आता ते बरे आहेत. येत्या गुरुवारी रांजणगावला मुलाखत आहे.

मागच्या आठवड्यात एक संधी हातची गेली. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ म्हटल्याबरोबर मी कॉलेजात पाठ करून घेतलेलं सुरू केलं. ‘मायसेल्फ अमुक अमुक’, गाव, वडील शेतकरी, घरात पाच माणसं, दहावीचे टक्के, डिप्लोमाचे टक्के, छंद क्रिकेट, ‘आय अ‍ॅम हार्डवर्किंग अँड ऑनेस्ट’. साहेब तेवढ्यात बायोडेटा चाळत होते. मी थांबलो तसं त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि विचारलं, ‘लाइनवर नेमकं काय बघायचात?’ माझ्या तोंडून धड दोन वाक्यं निघाली नाहीत. ‘कळवतो’ म्हणाले.

वाईट याचं वाटतं की काम मला येतं. आमच्याकडे एका पार्टला २० एच७ चा बोअर (आरपार भोक) होता, म्हणजे व्यास २०.००० ते २०.०२१ मिमीच्या आत हवा. दर तासाला पाच पार्ट बोअर गेजने, म्हणजे भोकाचा व्यास मोजायच्या साधनाने, तपासायचो. इन्सर्ट (कापणाऱ्या टूलचं टोक) झिजत गेला की बोअर बारीक होत जायचा: २०.०१६, २०.०११, २०.००६. पार्ट ओके असायचा, पण पुढच्या एक-दोन तासांत रिजेक्शन येणार हे वहीत दिसायचं. मी सेटरला (मशीन लावून देणाऱ्याला) आधीच सांगून ऑफसेट, म्हणजे मशीनमध्ये टूलच्या मापाची दुरुस्ती, द्यायला लावायचो. नंतर ते सगळ्या शिफ्टना लागू झालं. हे मला तिथे आठवलंच नाही.

विचारायचं आहे ते असं. घरचं, गावाकडचं सांगायचं की नाही? सात महिन्यांचं आपणहून काढायचं की विचारेपर्यंत थांबायचं? आणि इंग्रजी अडलं तर मधेच मराठीत बोललं तर चालतं का? अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:

मी बारा वर्षं क्वालिटीत आहे, मुलाखती घेतो. तुम्ही वर जो बोअरचा किस्सा लिहिलात, तीच तुमची ओळख. मला पहिल्या मिनिटात एवढंच कळायला हवं असतं की माणूस कुठल्या पार्टवर होता, कुठली इन्स्ट्रुमेंट्स हाताळली आणि कुणी न सांगता काय केलं. घरात किती माणसं हे कळून मला काही ठरवता येत नाही. गावाचं नाव एकदा घ्या, पुरे.

सात महिन्यांचं स्वतःच सांगा, एका वाक्यात, आणि लगेच पुढे जा. बायोडेटात तारखा दिसतातच. दडवलंत तर माझं लक्ष तिथेच अडकून राहतं.

भाषेचं म्हणाल तर सुरुवात इंग्रजीत करा. ‘मायसेल्फ’ नको, ‘आय अ‍ॅम’ किंवा ‘माय नेम इज’ म्हणा. अडलं तर ‘मराठीत सांगू का सर?’ असं सरळ विचारा. शॉपफ्लोअरवर दिवसभर मराठी-हिंदीच चालते, पण समोरचे अमराठी असतील तर हिंदीची तयारी ठेवा.

एक महत्त्वाचं. जे तोंडातून काढाल त्यावरच पुढचा प्रश्न येतो. ‘बोअर गेज’ म्हणालात तर तो शून्यावर कसा लावायचा हे विचारणार, रिंग गेजचं (अचूक मापाची कडी, तिच्यावर शून्य लावतात) उत्तर तयार ठेवा. न वापरलेल्या सीएमएमचं (कोऑर्डिनेट मेजरिंग मशीन) नाव घेऊ नका. जुन्या कंपनीच्या कस्टमरचं नाव, ड्रॉइंग नंबर बोलू नका. आम्ही ते बघतो, कारण उद्या आमचंही बाहेर सांगाल का हा प्रश्न येतो.

पाठ करू नका. कागदावर पाच शब्द लिहा आणि रूममेटला रोज एकदा बोलून दाखवा, मिनिटभराच्या आत.

धागाकर्ता:

सर, मनापासून आभार. रात्री कागदावर लिहिलं: डिप्लोमा, चाकण, बोअर, वडील, आता. रूममेटसमोर बोललो ते असं झालं:

‘मी डिप्लोमा मेकॅनिकल. चाकणला दोन वर्षं मशीन्ड पार्टचं इन-प्रोसेस इन्स्पेक्शन केलं. बोअर गेज, मायक्रोमीटर, हाइट गेज रोज हातात असायचे. तासाच्या रीडिंगवरून बोअर कमी होतोय हे ओळखून रिजेक्शनच्या आधी ऑफसेट द्यायला लावायचो, पुढे ती पद्धत तिन्ही शिफ्टना लागली. वडिलांच्या आजारपणात सात महिने घरी होतो, आता ते बरे आहेत. मला क्वालिटीतच पुढे काम करायचं आहे.’

४० सेकंद लागली. वडिलांच्या वाक्याला मात्र आवाज अजून जड होतो. ते वाक्य शेवटून दुसरं ठेवू की बोअरच्या आधी घेऊ? गुरुवारपर्यंत कुणी सांगितलंत तर फार बरं होईल.