डावे, उजवे आणि पेले विसळणारे

तिरकस: काल इथे कुणीतरी निकालच लावून टाकला. 'डावा तो स्त्रीवादी, उजवा तो बायकोला उंबऱ्याआत कोंडणारा.' माझे वडील गिरणी युनियनचे कट्टर लाल. १९८२ च्या संपात आमच्या खोलीत रोज मीटिंग. आई पडद्याआडून चहाचे पेले सरकवायची, मी ते वाटायचो. समतेवर तासतास भाषणं. पेले कोण विसळतंय, हे एकाच्याही मनात आलं नाही. त्या वर्षी घर चाललं ते आईच्या पापडांवर.

प्राची_न: एका घरावरून नियम काढू नका. १८९१ चा संमतिवयाचा कायदा बघा. मुलीशी, मग ती बायको का असेना, शरीरसंबंधाचं किमान वय दहावरून बारा करायचं, बस्स. आगरकर 'सुधारका'तून बाजूने, आणि विरोधात कोण, ते सांगायला हवं का?

शनवारकर: आलात टिळकांवर! विरोध परक्या सरकारच्या कायद्याला होता. लग्नाला मुलगी सोळाची, मुलगा विसाचा हवा, हे त्यांनीच १८९० मध्ये सुचवलं होतं. स्वखुशीने पाळायला. वाचत जा जरा.

प्राची_न: स्वखुशीने? दहा वर्षांच्या पोरीच्या? आणि लहानपणीच लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंना १८८७ मध्ये कोर्टाने 'नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात' म्हटलं, बाई तुरुंगात जायला तयार झाल्या, तेव्हा 'केसरी' कुणाच्या बाजूने होता?

शनवारकर: त्या काळच्या माणसाला आजची फूटपट्टी लावू नका.

प्राची_न: काका, आगरकरही १८५६ चेच. टिळकांपेक्षा नऊ दिवसांनी मोठे.

शनवारकर: काका म्हणायचं काम नाही.

तिरकस: अहो भांडताय काय, दोघं माझंच म्हणणं मांडताय! सरकारशी जहाल, घरात सनातनी.

शनवारकर: 'सनातनी' मागे घ्या, नाहीतर मी चाललो.

माजी_सरपंच: तुमचं पुणं आटपलं असेल तर बोलू का? २०११ ला पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या झाल्या, पुढे मी सरपंच झाले. सही माझी, शिक्का मालकांच्या शर्टाच्या खिशात. माझ्या आधीच्या बाई समोरच्या पक्षाच्या. गावात दोन्ही पक्ष एकमेकांचं पाणी पीत नाहीत, पण त्यांचाही शिक्का त्यांच्या मालकांकडेच. यात डावं कोण, उजवं कोण, तुम्हीच ठरवा.

शनवारकर: हे मात्र खरं. आणि बरं, सोळा-वीस कागदावरच राहिलं, तेही मान्य. झालं समाधान?

प्राची_न: उपकार झाले. ताई, शिक्का मिळाला का शेवटी?

माजी_सरपंच: न मिळायला काय? शर्ट धुवायला माझ्याकडेच येत होता.