पम्प ट्रॅक आणि डर्ट जम्पसाठी पहिली सायकल: २० इंची बीएमएक्स की २६ इंची हार्डटेल?

बेसा रोडकर (धागाकर्ता)

आमच्या लेआउटमधील एका मोकळ्या भूखंडावर, मालकाच्या परवानगीने, मुलांनी मुरमाचा छोटा पम्प ट्रॅक, म्हणजे ओळीने उंचवटे असलेला सायकलचा मार्ग, उभारला आहे आणि त्याच्या एका कडेला दोन लहान डर्ट जम्पही, म्हणजे उडी मारण्यासाठी मातीचे उंचवटे, रचले आहेत. तेव्हापासून पालक मला सतत विचारतात की मुलाला कोणती सायकल घेऊन द्यावी. माझे मत पक्के आहे: पहिली सायकल २० इंची चाकांची, सस्पेन्शन नसलेली, एकाच गिअरची बीएमएक्स असावी.

पम्प ट्रॅकवर पॅडल मारून वेग घ्यायचा नसतो. उंचवट्यावर चढताना हातपाय दुमडून सायकल अंगाकडे येऊ द्यायची आणि माथा ओलांडताच तिला उतारावर जोराने दाबायचे, या एका क्रियेवर सगळा वेग अवलंबून असतो. फोर्कमध्ये, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दांड्यांमध्ये, स्प्रिंग असेल तर त्या दाबाचा काही भाग स्प्रिंगच खाऊन टाकते, आणि शिकणाऱ्या मुलाला आपण बरोबर दाबले की चुकीचे, हे हाताला कळतच नाही. ताठ फोर्कची सायकल मात्र लगेच उत्तर देते: वेळ साधली तर ती पुढे सरकते, चुकली तर पुढच्या उंचवट्यावर अडखळते.

बीएमएक्समध्येही दोन जाती आहेत, हे दुकानात जाण्यापूर्वी माहीत असावे. रेसिंगची सायकल बहुधा ॲल्युमिनियमची, हलकी आणि किंचित लांब असते. फ्रीस्टाइलची क्रोमोली पोलादाची, आखूड आणि जड असते. रेसिंगमध्ये चेनच्या पुढच्या चकतीला ४४ आणि मागच्या चकतीला १६ दात, तर फ्रीस्टाइलमध्ये २५ आणि ९ दात ही रूढ जोडी आहे, परंतु भागाकार केला तर दोन्हींचे गुणोत्तर पावणेतीनच्या आसपासच येते. ज्याला केवळ ट्रॅकवर वेग हवा आहे त्याने पहिली घ्यावी. ज्याला उडायचे आहे त्याने दुसरी. बीएमएक्स रेसिंग २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकपासून खेळले जाते, त्यामुळे या सायकलींचे मोजमाप आणि सुटे भाग आता बरेचसे ठरून गेलेले आहेत.

हिंगणा एमआयडीसी

पूर्ण असहमत. आपण पुस्तकातला ट्रॅक डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. नागपूरची जमीन तशी नाही.

डांबरी पम्प ट्रॅकवर २० इंची चाक उत्तम चालते, हे मला मान्य आहे. आपला ट्रॅक मात्र मुरमाचा आहे आणि त्याखाली काळी माती आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. वर कितीही चांगला मुरूम अंथरला तरी खालचा थर हलला की उंचवट्याचा आकार बिघडतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ च्या घरात गेला की मुरमाचा वरचा थर सुटून त्याची खडी होते. जम्पच्या तोंडाशी तर हे स्पष्ट दिसते: संध्याकाळी पाणी शिंपडून धुम्मसाने चोपलेली कड दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोटाने उकरली जाते. अशा कडेवर लहान चाक रुततेही लवकर आणि अडखळतेही लवकर. २६ इंची चाक, म्हणजे ५५९ मिलिमीटरची रिम, तोच खड्डा सहज ओलांडते.

सस्पेन्शनचा आपला आक्षेपही अर्धाच खरा आहे. डर्ट जम्पच्या हार्डटेलवर, म्हणजे फक्त पुढेच सस्पेन्शन असलेल्या सायकलवर, साधारण १०० मिलिमीटरचा फोर्क असतो आणि तो हवेचा असेल तर त्यातला दाब वाढवून त्याला जवळजवळ ताठ करता येते. ट्रॅकवर कडक ठेवावा, जम्पवर थोडा सैल करावा. पंप दप्तरात मावतो. उडी थोडी कमी पडून मागचे चाक लँडिंगच्या कडेवर आदळले, तर ताठ सायकलवर ते मनगटात आणि कमरेत उतरते. फोर्क मागच्या चाकाचा धक्का घेत नाही, हे मला ठाऊक आहे, परंतु त्यानंतर पुढचे चाक जमिनीवर आदळते तेव्हा हात वाचवणारा तोच असतो.

शिवाय उंचीचाही विचार करावा. महाविद्यालयात जाणारा, साडेपाच फुटांपेक्षा उंच मुलगा बीएमएक्सवर कमरेतून वाकूनच उभा राहतो. त्याने पहिल्यापासून हार्डटेल का घेऊ नये?

इतवारीतील मिस्त्री

आपण दोघेही चाकाच्या आकारावर भांडत आहात. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या सायकलींमध्ये चाकाच्या आधी क्रँक (पॅडलचा दांडा) आणि ॲक्सल (चाकाचा आस) गेलेले असतात.

बाजारात बीएमएक्ससारख्या दिसणाऱ्या अनेक सायकली मिळतात. हँडल उंच, टायर जाड, रंग भडक, आणि क्रँक मात्र कॉटर पिनवर, म्हणजे आत ठोकलेल्या खिळीवर, बसवलेला. त्या पिनेवर दोन-चार वेळा वरून वजन आदळले की ती चपटी होते आणि पॅडल डुलू लागते. पालकांनी दुकानात उभे राहून तीन गोष्टी तपासाव्यात. क्रँक तीन भागांचा असावा आणि त्याला सीलबंद बेअरिंग असावे. मागचा ॲक्सल जाड असावा. फ्रीस्टाइल बीएमएक्सवर तो १४ मिलिमीटरचा असतो. आणि मागच्या फ्रेमच्या खाचा आडव्या असाव्यात, म्हणजे चाक मागे ओढून चेन ताणता येते.

चेनबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण याकडे कोणीच पाहत नाही. एका गिअरच्या सायकलवर चेनचा ढिलेपणा घेणारा डिरेलर नसतो. मधोमध अंगठ्याने दाबल्यावर चेन वरखाली मिळून सुमारे अर्धा इंच हलली पाहिजे. क्रँक हळूहळू पूर्ण फिरवून प्रत्येक जागी हे पाहावे, कारण चेनरिंग (चेनची पुढची दातेरी चकती) किंचित वाकडी असेल तर एका ठिकाणी चेन घट्ट आणि समोरच्या ठिकाणी ढिली लागते. ढिली चेन उडीत उतरली की पाय निसटून पॅडल थेट नडगीवर बसते.

सुट्या भागांचे म्हणाल तर ५५९ च्या रिमचे टायर-ट्यूब कुठल्याही दुकानात मिळतात आणि २० इंचीचे, ४०६ मिलिमीटरचे ट्यूबही मुलांच्या साध्या सायकलींमुळे सहज मिळते. त्यामुळे या कारणावरून कोणीही कोणाला हरवू नये.

मानेवाड्यातील एक आई

माझ्या मुलाकडे २१ गिअरची माउंटन बाइक आहे आणि ती चांगल्या स्थितीत आहे. केवळ पोट्टे म्हणतात म्हणून दुसरी सायकल घ्यावी, हे मला पटत नाही. तीच सायकल या ट्रॅकवर का चालणार नाही, हे कृपया कोणी नीट समजावून सांगावे. दुसरे असे की, आपण सुचवलेल्या सायकलींना बहुधा फक्त मागचाच ब्रेक असतो. बेसा रोडवरच्या वाहतुकीतून मूल अशा सायकलवर कसे पाठवायचे?

हिंगणा एमआयडीसी

ताई, आपला प्रश्न रास्त आहे. पम्प ट्रॅकवर ती सायकल चालेल. सीट पूर्ण खाली करावी, पुढच्या फोर्कला लॉक असेल तर तो लावावा आणि टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा जास्त, मात्र टायरवर छापलेल्या मर्यादेतच भरावी. जम्पवर मात्र ती मुळीच नेऊ देऊ नका. सायकल कोणत्या वापरासाठी बांधली आहे याचे एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेचे वर्गीकरण आहे. त्यात तिसऱ्या वर्गातील सायकल ६१ सेंटिमीटरपर्यंतच्या उडीसाठी आणि चौथ्या वर्गातील १२२ सेंटिमीटरपर्यंतच्या उडीसाठी असते. पाचवा वर्ग त्याहून मोठ्या उड्यांचा. अनेक कंपन्या हा वर्ग माहितीपुस्तिकेत देतात. घरातील सामान्य माउंटन बाइक बहुधा तिसऱ्याच्या वर जात नाही, आणि कित्येक तर तिथेही पोहोचत नाहीत. मागचा डिरेलर बाहेर लटकत असल्यामुळे पडल्यावर पहिला तोच तुटतो, हे वेगळे.

बेसा रोडकर (धागाकर्ता)

ताई, ब्रेकबद्दल आपले म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. ट्रॅकवर पुढचा ब्रेक नसला तरी भागते, कारण हवेत किंवा चढावर तो चुकून दाबला गेला तर मूल हँडलवरून पुढे फेकले जाते. रस्त्यावर मात्र दोन्ही ब्रेक हवेतच. म्हणून ही सायकल ट्रॅकपर्यंत कोणीतरी गाडीतून आणावी किंवा हातात धरून चालवत आणावी. आमच्याकडे काही सायकली शेजारच्या घरीच ठेवल्या जातात. हेल्मेट मात्र जम्पसाठी हनुवटी झाकणारेच घ्यावे.

हिंगणावाल्या मित्रांना माझे उत्तर असे आहे. फोर्कचे सील धुळीने झिजतात, आणि नागपूरच्या उन्हाळ्यातील धूळ आपण सगळ्यांनी पाहिली आहे. प्रत्येक फेरीनंतर नळ्या पुसण्याची शिस्त बारा वर्षांच्या मुलात मला दिसलेली नाही. हार्डटेलच्या किमतीचा मोठा भाग त्या फोर्कमध्येच जातो. तेच पैसे मिस्त्रींनी सांगितलेल्या क्रँक, ॲक्सल आणि चांगल्या हेल्मेटवर गेले तर मुलाचे अधिक भले होईल. खडी झालेल्या कडेवर उपाय मोठे चाक नव्हे, कडेची देखभाल आहे: मुरमात थोडी चिकणमाती मिसळावी, पाणी शिंपडावे, चोपावे आणि उन्हाळ्यात कड ओल्या पोत्याने झाकून ठेवावी. जी मुले ट्रॅक वापरतात त्यांनीच हे करावे, असा आमचा नियम आहे आणि तो पाळला जातो.

आणि उडी कमी पडण्याची भीती असेल तर मधली पोकळी भरून जम्पचा टेबलटॉप करावा. मग कमी पडलेले मूल सपाटीवर उतरते, कडेवर आदळत नाही. आम्ही दोन्ही जम्प दिवाळीपूर्वी तसेच करून घेणार आहोत.

हिंगणा एमआयडीसी

टेबलटॉप करत असाल तर त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे आणि मुरूम वाहायला मी स्वतः येईन. तरीही टेबलटॉपच्या दुसऱ्या टोकाला, जिथे सपाटी संपून उतार सुरू होतो, तिथे अर्धवट उडी घेतलेले मागचे चाक आदळतेच. त्यामुळे शाळकरी मुलांसाठी बीएमएक्स, हे मी पम्प ट्रॅकपुरते मान्य करतो. जम्पच्या रांगेत उतरणाऱ्या साडेपाच फुटी मुलासाठी मात्र माझे मत २६ इंची हार्डटेलचेच राहील, आणि त्या उंचीच्या मुलांना दोन्ही सायकली आळीपाळीने चालवू दिल्याखेरीज आपण त्यांच्या पालकांना बीएमएक्स घ्यायला सांगू नये, ही माझी विनंती आहे. माझी हार्डटेल त्यासाठी रविवारी सकाळी ट्रॅकवर आणतो.