मदत हवी आहे: लँडिंगचा फ्लेअर (चाकं टेकण्याआधी विमानाचं नाक हलकेच वर उचलणं) काही केल्या जमेना

मंडळी, मी इकडे टेक्सासमध्ये शनिवार-रविवारी सेसना १७२ (छोटं विमान) उडवायला शिकतोय, २६ तास झालेत (लायसन्सला कमीत कमी ४० लागतात) पण सोलो (एकट्याने उड्डाण) अजून लांबच, कारण लँडिंगला गाडी अडते. फायनलला (रनवेच्या सरळ रेषेत उतरताना) वेग ६५ नॉट्स, फुल फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या झडपा पूर्ण खाली), सगळं व्यवस्थित, आणि रनवे जवळ आला की माझा हात आपोआप योक (विमानाचं स्टिअरिंग) खेचतो, विमान परत वर फुगतं, काल तर वरच स्टॉलची (पंखांची उचल जाणार असा इशारा देणारी) पिपाणी वाजली आणि इन्स्ट्रक्टरने काही न बोलता थ्रॉटल पुढे ढकललं. तो म्हणतो नजर रनवेच्या टोकाला ठेव, पण चाकं किती उंचीवर आहेत ते कळतच नाही ना! तुम्हाला कसं कळायला लागलं? घरी सिम्युलेटरवर सराव करून फरक पडतो का उगाच वाईट सवयी लागतात?