आजोबांचं सोन्याचं क्रोनोग्राफ: इंदुरात भरवशाचा कारागीर हवा

नमस्कार मंडळी. मी रामबागेत राहतो. आईच्या कपाटात आजोबांचं हाताने चावी द्यायचं स्विस क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेलं घड्याळ, सापडलं. मागच्या झाकणाच्या आत हेल्व्हेशियाच्या (स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेल्या स्त्रीच्या) डोक्याचा छाप आणि ०.७५० आहे, म्हणजे १८ कॅरेट. आतलं मशीन लँडेरॉन ४८ या प्रकारचं आहे.

सराफ्यात एकांनी सरळ काट्यावर ठेवून सोन्याचा भाव सांगितला, "आतलं मशीन भंगार." फार वाईट वाटलं. राजवाड्याजवळच्या दुसऱ्या घड्याळजींनी वरचं बटण बिघडलंय म्हणून सांगितलं, कारण त्याने स्टॉपवॉचचा काटा थांबत नाही. पण या मशीनमध्ये वरच्या बटणाने काटा फक्त सुरू होतो, खालचं एकदा दाबलं की थांबतो आणि पुन्हा दाबलं की शून्यावर येतो. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्या हाती घड्याळ कसं देऊ?

खरी अडचण वेगळीच आहे. स्टॉपवॉचचा हा सेकंदाचा मोठा काटा शून्यावर न येता दोन रेघा पुढे थांबतो, दर वेळी तिथेच. नुसता काटा सरकलाय, की त्याला शून्यावर आणणारा आतला बदामाच्या (हृदयाच्या) आकाराचा भाग झिजलाय?

तबकडी पिवळसर पडली आहे, ६ जवळ एक डाग आहे. तरी ती नव्याने रंगवायची नाही, केसला पॉलिशही नको. आकड्यांवर जुनं, किरणोत्सर्गी रेडियम असावं, म्हणून खरवडणारा कारागीर तर नकोच.

इंदुरात जुनी क्रोनोग्राफ स्वतः उघडून दुरुस्त करणारं कोणी आहे का? नसेल तर पुण्या-मुंबईचं सांगा, मी स्वतः घेऊन जाईन. कुरियरने पाठवायला मन धजत नाही. कोणी लँडेरॉनचं काम करून घेतलं असेल तर खर्च किती आला तेही कळवा.